कासरा सोडला की ढिला केला

अण्णा, तुझ्या तेराव्याला जेवून उठलेल्या निम्म्या लोकांनी हात धुता धुता मला एकच प्रश्न विचारला. विहिरीतल्या त्या पंख्याचं आता काय करायचं? कुणी म्हणालं, कॉलेजला देऊन टाका. कुणी म्हणालं, भंगारात तरी घालवा. शेजारचे काका तर पान तोंडात घालून सांगून मोकळे झाले, "बुडाला असंल की एव्हाना. पाणी किती चढलंय बघा." वहिनी आत बसून होती, तिच्या कानावर हे सगळं जात होतं. मी कुणालाच काही बोलले नाही. मी गप्प बसले याचं तुला नक्की आश्चर्य वाटलं असतं.

गप्प बसले, कारण मला कुणाशी भांडायचंच नव्हतं. भांडायचं होतं ते तुझ्याशी, आणि तू फोटोत जाऊन बसलास. माणूस गेला की त्याच्यावरचा राग जातो म्हणतात. माझा काही गेलेला नाही. आपलं भांडण अर्ध्यावर आहे आणि तू असा मधेच उठून गेलास.

त्या दिवशी फोनवर काय काय झालं ते तुला आठवत असेलच, तरी सांगते. सायलीला स्कॉटलंडमध्ये नोकरी लागली होती. समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्या जागेवर धरून ठेवणाऱ्या साखळ्यांचं गणित करायचं काम. पोरगी आनंदानं नाचत होती आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. तिचे बाबा गेल्यापासून निपाणीच्या घरात आम्ही दोघीच. बेळगावात कॉलेजात शिकवायची जागा तिला मिळत होती. रोज बसनं गेली असती, रोज घरी आली असती. मी तुला फोन केला तो भांडायलाच.

"तूच बिघडवलंस तिला," मी म्हणाले.

"व्हय, मीच बिघडवलं. लई चांगली बिघडली."

"चेष्टा करू नको अण्णा. ती गेली की मला कोण आहे?"

"मी हाय की गं."

तू हे इतक्या सहज म्हणालास की मला आणखीनच राग आला. मी जोरात बोलायला लागले तेव्हा तू तुझं ते नेहमीचं सुरू केलंस. "तडी गं शालू, जरा तडी. रविवारी येतो निपाणीला, समोरासमोर भांडू." उद्यमबागेतल्या कारखान्यात सगळी नोकरी कन्नड बोलणाऱ्या माणसांबरोबर काढलीस, पण घरी आणलास तो एवढा एकच शब्द. तडी. थांब. आयुष्यभर मला थांब थांब म्हणत आलास, आणि स्वतः रविवारपर्यंतही थांबला नाहीस.

मी हाय की, म्हणे.

आपलं पहिलं भांडण तुला आठवतं ना? तेही याच विहिरीतलं. मी तिसरी-चौथीत असेन. आपल्या कंग्राळीतली सगळी पोरं जशी पोहायला शिकायची तशीच मला शिकवायचं ठरलं होतं. पाठीला तेलाचा पत्र्याचा डबा, तोंड झाळून बंद केलेला. कमरेला बैलाचा कासरा. कासऱ्याचं दुसरं टोक घेऊन तू पायरीवर. आई म्हणाली होती, पोरीला सांभाळ रे. तू म्हणालास, माझ्या हातात दोर हाय, कशाला भितीस. मे महिना संपेपर्यंत मी डब्याच्या जिवावर बेडकासारखी पाय मारत होते. मग एक दिवस तू डबा सोडलास आणि नुसत्या कासऱ्यावर मला पाण्यात उतरवलंस.

मधोमध गेल्यावर मी खाली गेले. नाकातोंडात पाणी. वर आले तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं ते तुझ्याकडे. तुझे दोन्ही हात कमरेवर होते. हातात कासरा नव्हता. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय अण्णा, मला कुणी सांगू नये. कशी हातपाय मारत पायरीला आले ते माझं मला माहीत. आले ती थेट तुझ्या पोटात ठोसा मारला.

"तू दोर सोडलास," मी रडत ओरडले.

"सोडला न्हाय. ढिला केलतो."

"तुझ्या हातात नव्हता."

"ढिला केलतो म्हंतोय न्हवं. आणि पोहत आलीस की."

बस्स. तेव्हापासून ते परवापर्यंत तेच. माझ्या लग्नात मांडवात तू रडत होतास तेव्हासुद्धा मी तुझ्या कानात म्हणाले, आता तरी कबूल कर, सोडला होतास. तू नाक पुसत म्हणालास, ढिला केलतो. राखी बांधताना तेच, दिवाळीत फराळाला बसलो की तेच. सायलीचे बाबा म्हणायचे, तुमचं हे कोर्टात नेऊया का. कोर्टात गेलं असतं तरी तू तसूभर हलला नसतास.

आणि गंमत बघ, पुढे तुला आयुष्यात जे वेड लागलं तेही दोराचंच. समुद्र आपल्यापासून घाटाखाली, इतका लांब. बेळगावात वारा आहे, पाऊस आहे, फौंड्रीतला धूर आहे, समुद्र तेवढा नाही. तुझा जन्म गेला पंपांची डिझाइनं काढण्यात. सौंदत्तीच्या बाजूला डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा तू स्कूटर घेऊन त्या बघायला गेलास, पण तिथं तुझं समाधान झालं नाही. मग कुठल्याशा मासिकात वाचलंस की परदेशात पवनचक्क्या चक्क पाण्यावर तरंगवायला लागलेत. त्या दिवशी निपाणीला आलास तेव्हा चप्पल काढायच्या आधी बोलायला सुरुवात केली होतीस.

तू म्हणालास, किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात तळात खांब रोवता येतो. पण वारा कुठं आहे? वारा लांब, खोल पाण्यावर, जोरात आणि सलग. तिथं तळापर्यंत खांब न्यायचा म्हणजे केवढा न्यायचा? त्यापेक्षा तरंगवायची. बंदरात उभी करायची आणि बोटीनं ओढत न्यायची. मी म्हटलं, एवढी उंच वस्तू, वर एवढी पाती फिरतायत, आडवी नाही का होणार? तू इकडे तिकडे बघितलंस आणि फळीवरची माझी बरणी उचललीस. लिंबाचं लोणचं, नुकतं मुरत घातलेलं. ते पातेल्यात ओतलंस, बरणीत मूठ मूठ वाळू भरलीस, झाकण लावलंस आणि मोरीतल्या पिंपात सोडलीस. बरणी गळ्यापर्यंत बुडाली आणि सरळ उभी राहिली. बोटानं ढकलली तर झुकली आणि पुन्हा उभी.

"बघ, वजन तळाला पायजे. मग किती बी वारा येऊ दे," तू म्हणालास.

सायली तेव्हा सातवीत. तिचं तोंड उघडं ते उघडंच. मी मात्र लोणच्याकडे बघत होते. ते लोणचं त्या वर्षी खराब झालं, आणि ती बरणी मला कधी परत मिळाली नाही. वहिनीनं मागल्या आठवड्यात तुझ्या खोलीत दाखवली मला. अजून वाळू आहे तिच्यात. मी आणली नाही, तिथेच राहू दिली.

मग तुझी पहिली चक्की आली, गाव तिला पंखाच म्हणायचं. खाली उद्यमबागेतून आणलेला पिंप, आत बिडाचे तुकडे, वर पाइप, जुन्या कूलरची पाती. सगळं कंग्राळीच्या विहिरीत. तुला समुद्र नव्हता म्हणून तू विहीर घेतलीस, आणि गावातली माणसं काठावर उभी राहून तुला विचारायची, "अण्णा, लाटा कवा येणार?" तू चिडत नव्हतास. टोपलीनं पाणी हेंदकळून लाटा करून दाखवायचास. एकदा मीही आले होते. तो पिंप विहिरीभर भटकत होता, या भिंतीला आपटे, त्या भिंतीला आपटे. मी म्हटलं, अरे घट्ट बांध की. तू म्हणालास, घट्ट बांधायचं नसतं. मी म्हटलं, बांध. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून तू नायलॉनचा दोर आणलास आणि ती भिंतीतल्या चारी कड्यांना ताणून बांधून टाकलीस. चक्की जागची हलेना. मी खूश होऊन निपाणीला परत आले.

त्याच रात्री श्रावणातला पाऊस लागला. आपल्या विहिरीचं पाणी कसं चढतं ते आपल्याला काय नवीन होतं? तरी आपण दोघं विसरलो. पाणी वर आलं आणि चक्की खालच्या खाली बांधलेली. सकाळी बघतोस तर एका पात्याचं टोक तेवढं दिसतंय. वहिनी म्हणाली होती, "बुडाला तुमचा समुद्र." तू मला फोन करून सांगितलंस, तुझ्यामुळं बुडाली. मी म्हटलं, बांधली कुणी? हेही भांडण आपलं मिटलेलं नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे.

पण नंतरची चक्की बांधताना तू माझं ऐकलं नाहीस. जुनी मोटेची साखळी घेतलीस, लांब, जड. निम्मी पाण्यात लोंबती, निम्मी तळाच्या गाळात नुसती पडलेली, आणि अगदी शेवटी मोठा दगड. सायलीला तू काठावर बसवून समजावत होतास आणि मी शेंगा फोडत ऐकत होते. लाट आली की पडलेली साखळी थोडी उचलते, लाट गेली की परत निजते. तिच्या वजनानंच चक्की जागेवर येते. ओढायला लागत नाही. सायली शिकून शहाणी झाल्यावर तिनं तुला सांगितलं, मामा, आता काही ठिकाणी ताणलेले दोरही वापरतात, तरंगता भाग पाण्याखाली ओढून धरतात. तू म्हणालास, "वापरू दे. माझ्या हिरीत न्हाय." ती हसून हसून लोळली होती.

तुम्ही दोघं असे बोलत बसायचा तेव्हा मी बाजूला असायचे, हे तुला कधी जाणवलं का रे? मला मत्सर वाटायचा. तुझा की तिचा ते मला आजही सांगता येणार नाही. तिचे बाबा गेले त्या वर्षी ती कुणाशी बोलत नव्हती. तू तिला सुट्टीत कंग्राळीला नेलंस, विहिरीत पोहायला शिकवलंस, चक्कीची पाती तासायला दिलीस. महिन्यानं ती परत आली ती बोलत बोलतच. त्याबद्दल तुला मी कधी काही म्हटलं नाही. आपल्यात म्हणायची पद्धत नाही. आज म्हणते. माझी पोर तू मला परत आणून दिलीस.

म्हणून तर ती जाते म्हटल्यावर तुझ्यावरच चिडले. परत आणून दिलीस आणि पुन्हा तूच न्यायला बसलास.

आता पुढचं ऐक. तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सायली माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आई, मी न्हाय जात. त्यांना कळवून टाकते. मामा न्हाय, तू एकटी, मी तिकडं जाऊन काय करू?"

अण्णा, मला हेच हवं होतं. याच्यासाठीच तर इतके दिवस भांडत होते. मी नुसतं बरं म्हणायचा अवकाश होता. बरं म्हटलं असतं तर पोरगी बेळगावच्या कॉलेजात रुजू झाली असती, संध्याकाळच्या बसनं घरी आली असती, आणि मी दोन ताटं मांडली असती. पण असं कसं मी जिंकायचं? समोर तू नाहीस म्हणून? मी म्हटलं, आधी विहिरीवर जाऊन येऊ, त्या पंख्याचं काय झालंय बघू.

पाऊस उघडला होता. बांधावरून जाताना चिखलात माझी चप्पल अडकली, सायलीनं हात धरला. काकांचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. बुडाली असेल तर तिच्यासमोर आपण काय करायचं, रडायचं की नाही, हे मी वाटेत ठरवत होते. काठावर आलो. पाणी खूप वर आलेलं, पायऱ्या जवळजवळ सगळ्या गेलेल्या. आणि चक्की होती. पाण्याबरोबर तीही वर आलेली, आपल्या डोळ्यांच्या समोर. वारा होता तशी पाती फिरत होती. इतकी जवळ मी ती कधी बघितली नव्हती. तिच्यावर तू लाल रंगानं वहिनीचं नाव लिहिलंयस हे मला त्या दिवशी कळलं.

सायली गुडघ्यावर बसून पाण्यात बघत होती. "साखळी लांब ठेवलीती मामानं," ती म्हणाली. "उचलत उचलत वर आलीया बघ." मग म्हणाली, "जाऊ दे. आज मेल करते त्यांना."

मी बरं म्हणाले नाही. का कोण जाणे, मला ते जुनंच आठवलं. मी विचारलं, "सायले, तुला पोहायला शिकवताना मामा दोर धरून उभा असायचा ना?"

"व्हय."

"खरं सांग. कधी सोडलाता का त्यानं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. तिला थोडं हसू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"रोज सोडायचा," ती म्हणाली. "आईला सांगू नको म्हणायचा, ती माझा जीव घेईल."

अण्णा, मला कसं झालं असेल सांग. इतकी वर्षं. मांडवात, राखीला, दिवाळीला. आणि तू लेका सोडतच होतास. मी तिथेच ओल्या पायरीवर बसले. मी म्हटलं, "बघ, मी म्हणत होते. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. त्याचे दोन्ही हात कमरेवर होते."

"व्हय, असाच," सायली म्हणाली आणि उठून मला उभं राहून दाखवलं. दोन्ही हात कमरेवर, मान जरा पुढे, एक पाय पुढे रोवलेला. अगदी तू. "हातातनं सोडायचा. पण टोकावर पाय ठेवून उभा असायचा. मला एकदा दिसलं. विचारलं, तर म्हणाला, तुला वाटायला पायजे सोडलाय, मगच तू हात मारतीस. आणि मला म्हाईत पायजे, सुटलेला न्हाय."

मी तिच्या पायाकडे बघत राहिले. मी त्या दिवशी पाण्यातून तुझे हात बघितले अण्णा. पायाकडे बघायचं मला सुचलंच नाही. नाकात पाणी गेलेल्या पोरीला कसं सुचणार?

मग मी रडले. तेरा दिवसांत जमलं नव्हतं तेवढं रडले. सायली घाबरली, पाठीवरून हात फिरवत राहिली. डोळे पुसून झाल्यावर मी तिला म्हटलं, "मेल-बिल काही करू नको. तू जा."

"आई, आणि तू?"

"मी आहे की इथं."

म्हटल्यावर लक्षात आलं की हे तुझंच वाक्य आहे. तुझ्यासारखं सहज काही मला म्हणता आलं नाही. पण म्हणाले. आणि एक लक्षात ठेव, चक्की म्हणजे पोरगी आणि साखळी म्हणजे आई असलं काही मी तिला सांगितलेलं नाही. तूही कधी सांगितलं नसतंस. असलं कुणी बोललं की आपल्याला दोघांनाही कसंतरी व्हायचं.

पंखा विहिरीतच राहणार आहे. वहिनीनं सगळ्यांना सांगून टाकलंय, कुणी हात लावायचा नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तोही खाली जाईल, मग वर येईल. पात्यांच्या आसाला तेल कुणी घालायचं हा प्रश्न होता. मी घालणार आहे. निपाणीहून महिन्यातून एकदा आले तरी पुरे होईल, असं सायली म्हणते. त्या निमित्तानं वहिनीकडे जेवण होईल.

हे लिहितेय आणि आत सायली बॅग भरतेय. लिंबाचं लोणचं घेऊन जा म्हटलं तर वजन जास्त होतंय म्हणून कुरकुर चाललीय. मी म्हटलं, तळाला ठेव. ती एकदम थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि कपडे सगळे बाहेर काढून बरणी तळाला ठेवली.

एवढंच तर सांगायचं होतं रे अण्णा. टोक पायाखाली आहे, एवढंच. ते न सांगता सगळा जन्म मला भांडायला लावलंस, आणि सांगितलंस ते माझ्या पोरीला. तुझं ढिला केलतो हेही खरं निघालं, ते मी मान्य करते. पण हातातनं सोडला होतास. हातातनं तरी सोडलाच होतास. तेवढं माझं खरं.